चौथ्या लेनची वेळ

४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. सोळा वर्षांनी दोन ओळी: "बाबांचं घड्याळ तुझ्याकडे असेल. पाठवून दे." कशी आहेस, काय करतेस, काही नाही. अक्षर मात्र होतं तसंच आहे, प्रत्येक ओळ उजवीकडे जाता जाता खाली घसरते. आमच्या ह्यांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "पत्ता बरोबर लिहिलाय. म्हणजे राग निम्मा उतरला असेल." मी म्हटलं, तुम्ही त्याला ओळखत नाही. तो राग उतरवत नाही, घडी घालून कपाटात ठेवतो.

घड्याळ माझ्याकडेच आहे. बाबा गेले तेव्हा तू तिसऱ्या दिवशी बॅग उचलून निघालास, त्यांच्या टेबलाचा खण उघडायलाही थांबला नाहीस. मी उघडला. चष्मा, शिट्टी आणि घड्याळ. चष्मा मोडला होता. शिट्टी तलावावरच्या नव्या माणसाला दिली. घड्याळ ठेवून घेतलं.

तुला हे घड्याळ हवंसं वाटावं याचं मला नवल वाटलं, खोटं कशाला बोलू. चौतीस वर्षांपूर्वी पोहण्याच्या निवड चाचणीला चौथ्या लेनचं स्टॉपवॉच ऐन वेळी बंद पडलं. बाबांना शिट्टी मारायची होती, म्हणून त्यांनी हे मनगटावरचं काढून माझ्या हातात दिलं आणि चौथी लेन माझ्याकडे आली. चौथ्या लेनमध्ये तू. शंभर मीटरला मर्यादा एक मिनिट दोन सेकंदांची. घड्याळानं दाखवली एक मिनिट दोन सेकंद आणि वर एक ठोका. एका सेकंदात पाच ठोके, त्यातला एक. तू ओल्या अंगानं ओरडत होतास, घड्याळ खोटं आहे. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "घड्याळाला भाऊ-बहीण नसतात." ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. पुढच्या महिन्यात तू घर सोडलंस आणि दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागलास.

असो. आता माझं ऐक. तुझी ताई घड्याळवाली झाली आहे. विकत नाही, जमवते. तेही साधीसुधी नाहीत, क्रोनोग्राफ, म्हणजे पोटात स्टॉपवॉच असलेली. बाबांचं होतं तसलीच, बाजूला दोन बटणं असलेली, चावीवर चालणारी, चाळीस-पन्नास वर्षं जुनी. तेवीस झाली आहेत. डोळे पांढरे करू नकोस, दुकानाच्या काचेमागची महागडी घड्याळं मी बघतही नाही. माझी सगळी जुन्या बाजारातली, कुणी खणात विसरलेली, ज्यांच्या कंपन्या बुडाल्या आणि ज्यांची नावं घेतली तर कुणाची भुवईही वर जात नाही. त्यातलं सगळ्यात महाग होतं ते एका चांगल्या बुटांच्या जोडाएवढं. आणि बूट तेवढे टिकत नाहीत.

लागलं कसं हे वेड? मी कवळ्या बनवते हे तुला आठवत असेल. तीस वर्षं झाली, अर्ध्या शहराचं हसू माझ्या हातचं आहे. नऊ वर्षांपूर्वी बाजारात एक घड्याळ बघितलं. काच इतकी खरवडलेली की डायल दिसत नव्हती. विकणारा म्हणाला, "आंधळं आहे, घेऊन काय करणार?" मी नख मारून बघितलं. काच नव्हतीच ती, अ‍ॅक्रिलिक. म्हणजे माझ्या कवळ्यांचंच सामान. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कवळीला चकाकी देतात त्या चाकावर, त्याच लेपानं, पाच मिनिटं धरलं. आणि खालून एक चेहरा वर आला. पांढरी डायल, तिच्यात दोन छोटी काळी वर्तुळं, निळा काटा. मी लॅबमधल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. मला इतका आनंद मुलीच्या पहिल्या दातालाही झाला नव्हता, आणि तो तर माझ्या धंद्यातला विषय.

घड्याळ पाठवते. पण आधी साफ करून घ्यावं लागेल, सोळा वर्षं खणात पडून आहे. तेल वाळलं असेल. थोडा धीर धर.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

"सर्व्हिसिंग मी इथे करून घेईन" असं लिहितोस. अजिबात नाही. तुमच्याकडचा कोण, कसा, काय माहीत? क्रोनोग्राफ उघडायचा म्हणजे भिंतीवरचं घड्याळ उघडणं नव्हे. माझा माणूस आहे. झेरॉक्सच्या दुकानात जिन्याखाली त्याचं काउंटर, इतकं अरुंद की तो आत शिरला की बाहेरून फळी लावावी लागते. मी त्याला चिमटा म्हणते, तोंडावरसुद्धा. कारण हातात कायम चिमटा आणि बोलणंही तसंच. मी नवीन घड्याळ नेलं की बघायच्या आधीच म्हणतो, "ताई, परत फसलात."

फसत नाही मी. घ्यायच्या आधी मी घड्याळाची परीक्षा घेते, आणि ती फार कडक असते. चावी भरायची. वरचं बटण दाबायचं. मोठा काटा चालू झाला पाहिजे, उडी न मारता. परत दाबायचं, थांबला पाहिजे. मग खालचं बटण. काटा भर्रकन परतून थेट बाराच्या रेघेवर आला पाहिजे. रेघेच्या आधी नाही, रेघेच्या पुढे नाही. केसभर जरी इकडेतिकडे झाला तरी मी ते घड्याळ खाली ठेवते. विकणारे विनवतात, "बाई, एवढंसं काय बघता, कमी करतो." मी घेत नाही. फुकट दिलं तरी घेत नाही. चिमटा म्हणतो, ताई, हे दहा मिनिटांचं काम आहे, काटा उचलून परत बसवायचा, एवढ्यासाठी तुम्ही चांगली घड्याळं सोडता. तो त्याचा विचार. मला चालत नाही.

तू हसशील, पण घालण्यातच खरी मजा आहे. डब्यात ठेवून बघत बसणारे असतात, मी त्यातली नाही. रोज सकाळी डबा उघडायचा आणि आज कुणाची पाळी ते ठरवायचं. सोमवारी मला काळ्या डायलचं लागतं, सोमवारी लॅबमध्ये गर्दी असते आणि ते बघून लोक जरा दबतात. दातांचे डॉक्टर स्वतः येणार असतील त्या दिवशी सोनेरी कडेचं. एक आहे त्याची डायल मूळची काळी, उन्हानं चॉकलेटी झाली आहे. विकणाऱ्याच्या लेखी ती खराबी, माझ्या लेखी तेवीसातली सगळ्यात देखणी. चावी भरताना बोटाला आतली दातेरी चाकं कळतात. बटण दाबलं की एक कडक, स्वच्छ टक् होतं, आणि त्या आवाजासाठी मी दिवसभर कशाचीही वेळ घेते. अ‍ॅक्रिलिक शिजायला लागणारा वेळ. किटली. ह्यांना चष्मा सापडायला लागणारा वेळ, जो त्यांच्या कपाळावर असतो. परवा बसमधून उतरताना एका बाईनं विचारलं, "तुम्ही कोच आहात का?" मी म्हटलं, नाही, कवळीवाली. ती माझ्या मनगटाकडे बघतच राहिली.

आणि बटण दाबल्यावर आत काय होतं, माहीत आहे? घड्याळाच्या पोटात खरोखरच एक बदाम असतो, पत्त्यांतल्या बदामासारखा, स्टीलचा. खालचं बटण दाबलं की त्याच्यावर एक हातोडी बसते आणि बदाम फिरून आपल्या खाचेत येतो. म्हणून काटा शून्यावर येतो. चिमट्यानं भिंगातून दाखवलं तेव्हा मी त्याला विचारलं, बिचाऱ्या बदामावर दिवसातून किती हातोड्या? तो म्हणाला, "तुमच्याकडे? मोजायला नको."

बाबांचं घड्याळ त्यानं काल उघडलं. पाठीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पूर्वीचे कारागीर सुईनं तारीख कोरून ठेवतात, आपण काय केलं त्याची एक खूणही. पुढच्याला कळावं म्हणून. माझ्या तेवीस घड्याळांत मिळून असल्या चाळीस-एक तारखा आहेत आणि मी त्या वहीत उतरवून घेतल्या आहेत. बाबांच्या घड्याळात एकच आहे. पुसट आहे, नीट लागत नाही. जाऊ दे.

आणखी पंधरा दिवस लागतील.

तुझी ताई


६ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र आलं. पत्र म्हणजे अगदी पत्र, चार पानं. मी लॅबच्या बाकावर बसून वाचलं आणि कुणीतरी विचारलं, "ताई, काय झालं?" तर मी म्हटलं, लेप डोळ्यात गेला.

तू लिहितोस की आयुष्यभर लिफ्टचं दार किती सेकंदांत मिटतं ते मोजत आलास. हाताखालची पोरं मीटर चुकीचं आहे म्हणतात तेव्हा तू त्यांना झापतोस. परवा झापता झापता तुला स्वतःचाच आवाज ऐकू आला. त्या दिवशी तू कमी पडलास एवढंच होतं, आणि त्यापायी तू घड्याळाला खोटं म्हणालास, बहिणीला खोटं म्हणालास, बापाशी धड बोलला नाहीस. म्हणून तुला बाबांचं घड्याळ हवंय. रोज मनगटावर बांधून तुला स्वतःला सांगायचंय की मोजमाप बरोबर होतं. आणि शेवटच्या ओळीत, खाली घसरत गेलेल्या त्या ओळीत: "ताई, चुकलो. माफ कर."

केलं. जा, माफ केलं. लहान होतास, अंगात रग होती. झालं गेलं विसरून जाऊ. उन्हाळ्यात ये, आमचे हे तुला स्टेशनवर घ्यायला येतील, खोली मोकळीच आहे. मी तुला तेवीसच्या तेवीस दाखवीन आणि तुला आवडेल ते एक देईन, चॉकलेटी सोडून.

बाबांचं घड्याळ चालू झालंय. काटा थेट बारावर येतो, मी दहादा दाबून बघितलं. झाकण चिमट्यानं आतून-बाहेरून पॉलिश करून दिलं, नव्यासारखं. काच मी स्वतः करणार आहे, ती दुसऱ्या कुणाला करू देणार नाही. या आठवड्यात पार्सल टाकते.

किती बरं वाटतंय हे लिहिताना. सोळा वर्षं मी ही खोली कुणाला दिली नाही.

तुझी ताई


९ मार्च

धाकट्या,

मागचं पत्र फाडून टाक. नको, ठेव. पण त्यातली माफी मला परत कर, ती द्यायचा मला अधिकार नव्हता.

सरळ सांगते, कारण वळसे घेऊन सांगायचे प्रयत्न मी तीन दिवस केले आणि ते सगळे टोपलीत आहेत. ते घड्याळ खोटंच होतं. तू त्या दिवशी बरोबर होतास.

आता नीट सांगते. चाचणीनंतर आठव्या दिवशी बाबा तलावावर गेले होते, घड्याळ टेबलावर होतं. मी ते सहज उचललं. सहज नाही. तू आठवडाभर जेवायला बसला नव्हतास आणि मला एकदा बघायचंच होतं. बटण दाबलं, थांबवलं, खालचं बटण दाबलं. काटा परतला आणि बाराच्या पुढच्या बारीक रेघेवर बसला. एक ठोका पुढे. परत दाबलं, परत तिथंच. म्हणजे शिट्टी वाजायच्या आधीच त्या घड्याळानं तुझ्या नावावर एक ठोका चढवला होता. तू एक मिनिट दोन सेकंदांत बरोबर आला होतास. वेळ घेणाऱ्यानं सुरू करण्याआधी काटा बघायचा असतो, बाबांनी मला तेवढं एकच शिकवलं होतं. मी काटा बघितला नाही. मी तुझ्याकडे बघत होते, तू फळीवर वाकला होतास आणि मला भीती वाटत होती की तू शिट्टीच्या आधी उडी मारशील.

इथपर्यंत चूक होती. पुढचं चूक नाही.

त्याच दुपारी मी घड्याळ तलावापासून लांबच्या एका कारागिराकडे नेलं आणि काटा शून्यावर बसवून घेतला. त्यानं झाकणात तारीख कोरली आणि बाजूला काट्याची छोटी खूण. मी घरी येऊन घड्याळ टेबलावर ठेवलं आणि बाबांना म्हटलं, तेल घालून आणलं. त्यांनी शाबासकी दिली. संघाची यादी बंद व्हायला तेव्हा सहा दिवस होते. सहा दिवस, धाकट्या. मी रोज तुझ्यासमोरून जात होते.

का बोलले नाही? चौतीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की बाबांसाठी. आधीच लोक कुजबुजत होते की मुलाची वेळ मुलगी घेते. मी उलटले असते तर बाबांवर बालंट आलं असतं. हे खरं आहे, पण ते कारण नाही. कारण असं की चाचणीनंतर कोच माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले होते, "सख्ख्या भावालाही सूट दिली नाही हिनं." आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, पुढच्या स्पर्धेला टाइमकीपर म्हणून येशील का. तलावावर तोवर एकही बाई टाइमकीपर नव्हती. मला बिल्ला मिळणार होता. मला तो बिल्ला हवा होता. तो मी बारा वर्षं छातीवर लावला.

एक पळवाट मात्र मी जपून ठेवली होती. काटा चाचणीनंतर सरकला असेल. त्या आठ दिवसांत घड्याळ कुणाच्या हातून पडलं असेल, आपटलं असेल. चाचणीच्या दिवशी तो बारावरच असेल, कोण सांगणार? हे वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हटलंय की मला ते खरंच वाटायला लागलं होतं. तुझं माफीचं पत्र आलं तेव्हा पण मी तेच म्हटलं, आणि चिमट्याला सांगितलं, झाकण आतून पॉलिश कर. तो म्हणाला, "ताई, आतलं कोरलेलं आम्ही पुसत नाही." मी म्हटलं, मी सांगतेय ना. त्यानं पुसलं. माझ्या वहीत चाळीस अनोळखी कारागिरांच्या तारखा आहेत आणि बापाच्या घड्याळातली एकुलती एक मी पुसून घेतली.

मग परवा सकाळी मी काच घेतली. जुनी, पिवळी पडलेली, क्लोरीननं खाल्लेली. चाकावर धरली, लेप लावला, धुतली. आरशासारखी झाली. बसवल्यावर बघते तर बाराच्या पुढे केसाएवढी एक काळसर रेघ. वाटलं, ओरखडा राहिला. परत चाकावर धरली. रेघ तशीच. तिसऱ्यांदा धरली, तशीच. वैतागून चिमट्याकडे गेले. त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि घड्याळ उजेडाकडे तिरकं केलं.

"काच साफ आहे, ताई. रेघ डायलवर आहे."

"डायलला कसा ओरखडा पडेल? वर काच होती."

"ओरखडा नाही, सावली आहे. घड्याळ वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की डायलचा रंग उडतो. काट्याखालचा तेवढा उडत नाही. जिथं काटा विसावतो तिथं त्याची रेघ राहते." मग त्यानं भिंग माझ्याकडे दिलं. "हा काटा पूर्वी इथं बसायचा. बाराच्या पुढे एक रेघ."

"किती दिवस बसला असेल?"

"दिवस? अशी सावली पडायला वर्षं लागतात. पाच-सहा तरी."

मी भिंग लावून ती रेघ पुन्हा बघितली. चाचणीच्या आधी पाच-सहा वर्षं तो काटा तिथं बसत होता. बाबांना जवळचं दिसत नव्हतं आणि चष्मा लावायची लाज वाटायची, त्यांना ते कळलंच नाही. आठ दिवस, कुणाच्या तरी हातून पडणं, सगळं संपलं. चिमटा म्हणाला, "पाणी देऊ का?" तो कधी कुणाला पाणी देत नाही.

तर हे असं आहे. सांगितल्यावर तू उन्हाळ्यात येणार नाहीस हे मला दिसतंय. न सांगता तू आला असतास, माझ्या खोलीत राहिला असतास, आणि रोज सकाळी ते घड्याळ बांधून स्वतःला म्हणाला असतास की मी कमी पडलो. मला भाऊ हवाय. पण असा नको, माझ्याच खोट्याची रोज चावी भरणारा. अक्षर बघ, एकही ओळ घसरलेली नाही. मला वाईट वाटतंय, फार वाटतंय, पण शंका एका ठोक्याचीही नाही.

घड्याळ सोबत पाठवते आहे. काच मी साफ केलेली, चावी भरलेली. डायलला मी कुणाला हात लावू दिला नाही. दिवसाच्या उजेडात, जरा तिरकं धरून, बाराच्या पुढे बघ. ती रेघ तुझी आहे.

सही करत नाही. कोण म्हणून करू?


२ एप्रिल

धाकट्या,

पार्सलची पोच आली, तुझ्या सहीची. खाली घसरलेली. तीन आठवडे झाले, त्यानंतर काही नाही. ठीक आहे. तुझा तो हक्क आहे आणि मी फोन करून रडणार नाही. आमचे हे रोज टपालाच्या पेटीत डोकावतात आणि मला काही झालंच नाही असं दाखवतात. मी घड्याळं घालते आहे. काल चॉकलेटी घातलं, आज काळं. ती काय करतील, त्यांचा काय गुन्हा?

पण हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. मी मंगळवारी तलावाच्या ऑफिसात गेले. तिथला कारकून तरुण आहे, चाचण्यांच्या जुन्या नोंदवह्या पंपाच्या खोलीत आहेत हे त्याला माहीतही नव्हतं. मीच दाखवल्या. कपाट उघडलं, खालच्या फळीवर, ओल आलेल्या. आपली सापडली. बाबांचं अक्षर, निळी शाई. चौथी लेन, तुझं नाव, वेळ, त्यापुढे लाल पेन्सिलनं "अपात्र". आणि वेळ घेणारीची सही, टपोरी, खाली रेघ ओढलेली. किती तोरा होता त्या सहीला.

मी म्हटलं, ही नोंद चुकीची आहे, दुरुस्त करायची आहे.

कारकून म्हणाला, "बाई, चौतीस वर्षांपूर्वीची? हा माणूस हयात तरी आहे का?"

"आहे. रागावलाय."

"मग आता दुरुस्त करून त्याला काय मिळणार?"

"त्याची वेळ मिळणार."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मनगटाकडे. म्हणाला, असं कुणी कधी मागितलेलं नाही, पण अर्ज करा, पुढे पाठवतो. छापील अर्ज दिला. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, नाहीतर परत येतो, असं दोनदा बजावलं. मी तिथंच उभी राहून भरला आणि शिक्का मारून घेतला. मंजूर होवो न होवो, वहीत शिक्क्यासकट लागला आहे. पुढे कधी कुणी ते पान उघडलं तर शेजारी हाही सापडेल. तुझी प्रत सोबत.


प्रति,
व्यवस्थापक, जलतरण तलाव

विषय: निवड चाचणी, शंभर मीटर, चौथ्या लेनची वेळ दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,

वरील चाचणीत चौथ्या लेनची वेळ मी घेतली होती. नोंदवहीत ती एक मिनिट दोन सेकंद आणि एक पंचमांश अशी आहे. ती चुकीची आहे. घड्याळाचा काटा सुरुवातीला शून्याच्या एक पंचमांश सेकंद पुढे होता आणि मी तो तपासला नाही. खरी वेळ एक मिनिट दोन सेकंद. जलतरणपटू मर्यादेत आला होता.

ही चूक मला आठव्या दिवशी समजली. यादी बंद होण्यास तेव्हा सहा दिवस होते. मी कळवले नाही. यात तत्कालीन पंचांचा, घड्याळाच्या मालकाचा किंवा जलतरणपटूचा कोणताही दोष नाही.

तरी "अपात्र" हा शेरा रद्द करून तेथे "पात्र" असे लिहावे, आणि जलतरणपटूस तसे लेखी कळवावे, ही विनंती.

अर्जदार: वेळ घेणारी, चौथी लेन.
अर्जदाराचा व्यवसाय: कवळ्या बनवणे.
जलतरणपटूचा पत्ता: सोबत जोडला आहे.
अर्जदाराचे जलतरणपटूशी नाते: जलतरणपटूस विचारून भरावे.